नर्मदा आत, बोरिंग बाहेर: जड पाण्यातून गिझर, मशीन आणि आरओ कसे वाचवायचे

इंदूरच्या बऱ्याच घरांत दोन जातींचं पाणी येतं. एक नर्मदेचं. ते १९७८ पासून जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ चढून येतं. दुसरं अंगणातल्या किंवा मल्टीच्या (फ्लॅटच्या इमारतीच्या) बोरिंगचं. अनेक वस्त्यांत नर्मदा एक दिवसाआड येते, मधली भर बोरिंग घालतं आणि गच्चीवरच्या एकाच टाकीत दोन्ही पाणी मिसळतं. मग गिझरची कॉइल वारंवार जाते, टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक होतात, शॉवरची अर्धी भोकं बुजतात. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, विकणाऱ्याला बोलावण्याआधी या टाकीकडे बघा. स्वतंत्र घर असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

बोरिंगचं पाणी जड (क्षारांनी भरलेलं) का, याचं कारण जमिनीत आहे. माळव्याच्या काळ्या मातीतून झिरपताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि खालच्या काळ्या दगडातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवतं. हे क्षार मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात असतात. पाणी तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, सर्वांत गरम पृष्ठभागावर जाऊन बसते. गिझरमध्ये तो पृष्ठभाग म्हणजे कॉइल. म्हणूनच बादलीत स्वच्छ दिसणारं पाणी गिझरमध्ये थर धरतं.

आधी मोजा, मग खर्च करा

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, तरी ते थर धरत नाही. तुम्हाला हवा असलेला आकडा ‘टोटल हार्डनेस’चा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ही मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

थेंब मोजायचं हार्डनेस किट घेतलं तर काम सोपं होतं. नमुन्यात रंग टाकायचा, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब एकेक करून टाकत जायचं. लालसर रंग जाऊन स्वच्छ निळा झाला की थांबायचं आणि थेंबांची संख्या किटवरच्या आकड्याने गुणायची. जांभळ्यावर थांबलात तर आकडा कमी येतो.

किट नसेल तर तुलना तरी होते. अंघोळीच्या साबणाचा ५ ग्रॅम कीस १०० मिलिलिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. कपड्यांची डिटर्जंट वडी इथे चालत नाही, ती जड पाण्यातही फेसते. तीन सारख्या बाटल्यांत १०० मिलिलिटर पाणी घ्या: आरओचं, नर्मदेचं, बोरिंगचं. ड्रॉपरने साबणपाणी टाकत, हलवत, फेस मिनिटभर टिकेपर्यंत थेंब मोजा. आरओला लागलेले थेंब बाकी दोन्हींतून वजा करा. उरलेल्या आकड्यांचं प्रमाण म्हणजे ढोबळमानाने जडपणाचं प्रमाण. बोरिंग नर्मदेच्या चौपट निघालं तर पुढचा मजकूर तुमच्यासाठीच आहे. ही चाचणी उन्हाळ्यात करा, कारण पावसाळ्यानंतर बोरिंगचा आकडा बऱ्याचदा खाली आलेला असतो.

एक इशारा. दोन ग्लासांत विजेच्या दांड्या बुडवून तुमच्या पाण्यातून तपकिरी गाळ काढून दाखवणारा विक्रेता दारात आला तर चहा पाजून वाटेला लावा. तो गाळ पाण्यातला नसतो, त्याच्याच लोखंडी दांड्यांचा असतो. आरओच्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून तो ग्लास स्वच्छ राहतो.

हार्डनेसचा आकडा २०० च्या आत असेल तर वर्षातून एकदा सफाई पुरते. ४०० च्या वर गेला की गिझर आणि फ्रंट लोड मशीन त्या पाण्यावर चालवणं महागात जातं.

दोन टाक्या, दोन लायनी

चार माणसांच्या घरात मऊ पाणी नेमकं कुठे लागतं ते मोजा. गिझरमधून रोज ६० लिटरच्या आसपास, मशीनच्या एका धुण्याला ५० ते ६०, स्वयंपाक, पिणं आणि भांडी मिळून ८०. म्हणजे रोजचे २०० लिटर. नर्मदा एक दिवसाआड आली तरी तिच्यासाठी ५०० लिटरची एक वेगळी टाकी भागवते. फ्लश, फरशी, अंगण, गाडी आणि बागेला बोरिंग खुशाल वापरा.

नर्मदेच्या टाकीतून स्वयंपाकघर, गिझर आणि मशीनचा पॉइंट जोडा. गिझरला गार पाणी नर्मदेचं आणि मिक्सरच्या गार बाजूला बोरिंगचं, अशी जोडणी प्लंबर पुष्कळदा करून जातात, कारण त्यात पाइप कमी लागतो. ती टाळा. मिक्सरच्या आत दोन्ही बाजू भेटतात, दाबात फरक असला की बोरिंगचं पाणी मागच्या बाजूने गिझरमध्ये शिरतं. बाथरूमचा मिक्सर दोन्ही बाजूंनी एकाच टाकीवर हवा. तसं केल्यास अंघोळीचं गार पाणीही नर्मदेचं लागतं, तेव्हा टाकी १००० लिटरची घ्या.

नर्मदा आली नाही तर काय, म्हणून दोन टाक्यांना जोडणारा पाइप ठेवायचाच असेल, तर त्यावर बॉल व्हॉल्व्हसोबत एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवा आणि बॉल व्हॉल्व्ह एरवी बंद ठेवा. बोरिंगच्या पंपाची लाइन महापालिकेच्या नळाला थेट जोडू नका. पंप चालू असताना नळाला पाणी नसेल तर तुमचं पाणी सार्वजनिक लायनीत ढकललं जातं.

रामबाग, स्नेहलतागंज अशा जुन्या भागांतल्या घरांत भिंतीत जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप असतात. त्यांच्या आतला थर ॲसिड ओतून काढायला जाऊ नका. थर आणि गंज यांनीच ते पाइप धरून ठेवलेले असतात, थर निघाला की भिंत पाझरू लागते. तिथे भिंतीवरून नवीन पाइप काढावा: गरम पाण्याला सीपीव्हीसी, गारला यूपीव्हीसी.

मल्टीत राहणाऱ्यांना हे स्वातंत्र्य नसतं, टाकी सामाईक असते. त्यांच्यासाठी सॉफ्टनरचा भाग खाली आहे.

गिझर: सर्वांत जास्त मार इथेच

पाण्यात ४०० मिलिग्रॅम हार्डनेस आणि रोजचं ६० लिटर पाणी, म्हणजे रोज २४ ग्रॅम क्षार गिझरमधून जातात. त्यातला चौथा हिस्सा जरी आत बसला तरी हिवाळ्याच्या चार महिन्यांत ७०० ग्रॅमहून जास्त खडा साचतो. १५ लिटरच्या टाकीत तो कॉइलला वेढून तळाशी पसरतो.

याने वीजबिल दुप्पट होतं, असं सांगतात. विजेच्या गिझरबाबत ते खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता थर ओलांडून अखेर पाण्यातच जाते. खरा तोटा असा की थरामुळे कॉइलला उष्णता वेळेवर सोडता येत नाही, ती आतून भाजून निघते, वरचं आवरण तडकतं आणि पाणी वीजवाहक तारेपर्यंत पोहोचतं. मग ईएलसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो. ईएलसीबी नसेल तर नळाला झटका लागतो. गॅस गिझरची गोष्ट वेगळी: तिथे तांब्याच्या नळीत थर बसला की उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि गॅस खरोखरच जास्त जळतो.

थर साचल्याची लक्षणं अशी: तापताना खदखद किंवा टकटक आवाज, लाल दिवा लवकर विझतो पण पाणी कोमटच, पहिल्या बादलीनंतर लगेच गार. घड्याळ लावूनही कळतं. २ किलोवॉटच्या १५ लिटर गिझरला १५ अंशांचं पाणी ५५ अंशांवर न्यायला साधारण २१ मिनिटं लागतात, २५ लिटरला ३५. याहून फार आधी थर्मोस्टॅट तोडत असेल तर त्याची नळी गाळात बुडाली आहे असं समजा.

सफाई दिवाळीच्या आसपास, थंडी सुरू होण्याआधी करावी. साहित्य: लिंबूसत्व ५०० ग्रॅम, नवा गॅस्केट, प्लास्टिकचा ब्रश, पाने, टेस्टर, मल्टिमीटर. लिंबूसत्व सियागंजच्या घाऊक बाजारात किलोने मिळतं, गल्लीतल्या पुड्यांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. गॅस्केट आधी आणून ठेवा. जुना परत बसवला की हमखास गळतो, आणि गळती थेट वायरींच्या जोडावर होते.

नुसता प्लग काढून चालत नाही, एमसीबीही (बोर्डातला गिझरचा सर्किट ब्रेकर) पाडा आणि टेस्टरने खात्री करा. गरम नळ सोडून पाणी गार होऊ द्या. इनलेटचा अँगल कॉक बंद करा, इनलेटचा पाइप सोडा आणि गरम नळ उघडा ठेवा, नाहीतर हवा आत न गेल्याने पाणी उतरत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय फ्लँजचे (कॉइल धरून ठेवणाऱ्या चकतीचे) नट ढिले करू नका. उभ्या गिझरमध्ये फ्लँज तळाला असतो, अर्धी टाकी अंगावर येते.

खालचं झाकण काढल्यावर वायरींचा फोटो घ्या. फ्लँजचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे सोडवा. कॉइल ओढताना अडकली तर पिळू नका, थर जाड झाल्याने ती भोकातून येत नसते. लाकडी काडीने थर ठोकून पाडत बाहेर काढा.

मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड वेगळा काढून ठेवा, आम्लात तो बघता बघता विरघळतो. तो अर्ध्याहून बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदला. हा रॉड टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः गंजतो. बरेच मिस्त्री तो ‘काही कामाचा नाही’ म्हणून फेकून देतात आणि दोन-तीन वर्षांत टाकी गळू लागली की पाण्याला दोष देतात.

मोठे पापुद्रे आधी हाताने काढा. हिशेब असा की १०० ग्रॅम लिंबूसत्व जेमतेम ७५ ग्रॅम थर विरघळवतं, म्हणून सगळं काम आम्लावर सोडलं तर किलोभर पावडर जाते. मग लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात द्रावण करून कॉइल त्यात उभी ठेवा. वायर जोडायची टोकं पाण्याबाहेर राहिलीच पाहिजेत. पाणी उकळतं घेऊ नका: गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका बसतो आणि थर निघाल्याऐवजी नवा चढल्यासारखा दिसतो. तासाभराने बुडबुडे थांबतील. अजून थर असेल तर नवं द्रावण करा. टाकीतला गाळ हाताने आणि पाण्याच्या धारेने काढा.

बाथरूम धुवायचं ॲसिड गिझरमध्ये कधीच घालू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं, तांब्याचं आवरण आणि स्टीलची टाकी दोन्ही खातं. थर दहा मिनिटांत निघतो हे खरं, पण पुढच्या हिवाळ्यात गिझरच नवा घ्यावा लागतो.

जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. २ किलोवॉटची कॉइल २३० व्होल्टला सुमारे २६ ओहम दाखवते, ३ किलोवॉटची १७ ते १८. आकडा आला नाही तर तार तुटली आहे. एक टोक कॉइलच्या धातूच्या आवरणाला लावून दुसरं टर्मिनलला लावा. तिथे काहीही वाचन आलं तर कॉइल फुटली आहे, ती फेका, धुऊन-वाळवून पुन्हा वापरू नका. नट समोरासमोर आळीपाळीने घट्ट करा, पाणी भरा आणि गरम नळातून हवा न फसफसता अखंड धार येईपर्यंत एमसीबी चालू करू नका. कोरडी कॉइल मिनिटभरात जळते.

शेवटी थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर आणा. ६० च्या वर थर झपाट्याने बसतो. बहुतेक घरांत तो पूर्ण फिरवून ठेवलेला असतो आणि मग त्याच पाण्यात गार पाणी मिसळून अंघोळ होते. सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका महिन्यातून एकदा उचलून पाणी सोडा. क्षाराने तो चिकटला तर टाकीतला दाब सुटायला जागा राहत नाही.

वॉशिंग मशीन

पाणी हळू भरत असेल तर आधी मागची इनलेट नळी काढा. तोंडाशी प्लास्टिकची छोटी जाळी असते. पक्कडीने ओढून काढा, अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, ब्रशने घासा. ‘व्हॉल्व्ह गेला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच या जाळीवर मिटतात.

फ्रंट लोडमध्ये हीटर असतो, त्यामुळे गिझरचीच कथा. दर तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम लिंबूसत्व टाकून ६० अंशांवर एक फेरी चालवा, नंतर एक नुसती खळखळ. याहून वारंवार नको, दाराचं रबर आणि ड्रममागचा ॲल्युमिनियमचा आधार आम्लाने खराब होतो. त्याच दिवशी ब्लीचचा हातही लावू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो धोकादायक आहे.

कपडे कडक होतात त्याचं कारण साबण कमी पडणं. जड पाणी आधी स्वतःच्या वाट्याचा साबण खातं, मग उरलेला कपड्यांना मिळतो. पाकिटावर जड पाण्यासाठी जे माप दिलं असेल ते घ्या, आणि साबणाच्या आधी धुण्याचा सोडा एक मोठा चमचा टाका. खायचा सोडा नव्हे. लोकर आणि रेशमाला हा सोडा चालत नाही, तेव्हा पैठणीला दूर ठेवा.

नळ, शॉवर, कूलर, कुकर

शॉवरचं तोंड व्हिनेगर भरलेल्या पिशवीत तासभर बांधून ठेवा, रात्रभर नको, क्रोम निघतं. नळाच्या टोकाची जाळी आटे फिरवून सुटते. जपायचं ते खाली: कोटा फरशी स्वतःच चुनखडीचा दगड आहे. व्हिनेगर, लिंबू, ॲसिड, काहीही सांडलं तरी तिची चमक जाते आणि पुन्हा पॉलिश करावी लागते. संगमरवराचंही तसंच.

कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. दिवसाला ६० लिटर बोरिंगचं पाणी संपलं तर ४०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने २४ ग्रॅम रोज टाकीत आणि जाळीवर. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसा, वरून भरत राहण्याने उपयोग होत नाही. हनीकोम्ब पॅड लिटरला २० ग्रॅम लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून हलक्या धारेने धुवा. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये ओतायची बचत उलटी पडते, ते आरओत गेलेल्या पाण्यापेक्षाही जड असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीला आणि वाफेच्या इस्त्रीला तर नळाचं कुठलंच पाणी नको, डिस्टिल्ड आणा.

कुकरच्या तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाकली की पांढरा थर धरत नाही. आणि तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही टणक राहत असेल तर डाळीला दोष देण्याआधी पाणी बदलून बघा. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरतं, दाणा फुटतच नाही.

आरओ

नर्मदेच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत असेल तर त्याला आरओची गरज नसते, जंतूंसाठी यूव्ही किंवा उकळणं पुरतं. बोरिंगवर आरओ चालवायचा असेल तर अँटीस्केलंट (थर धरू न देणारं) कार्ट्रिज हवं आणि ते वेळेवर बदलायला हवं.

तपासणी दोन मिनिटांची आहे. टाकीत जाणारी आणि वाया जाणारी, दोन्ही नळ्या मापाच्या भांड्यात मिनिटभर धरा. वाया जाणारं पाणी अचानक कमी झालं तर खूश होऊ नका. फ्लो रिस्ट्रिक्टरमध्ये (वाया जाणाऱ्या पाण्याची धार आवळणाऱ्या भागात) खडा अडकला आहे, आता क्षार मेम्ब्रेनवरच, म्हणजे आरओच्या गाळणाऱ्या पडद्यावरच बसणार. हा स्वस्त भाग मेम्ब्रेनबरोबर बदलून घ्या. मग आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजा, टीडीएस अॅडजस्टर (शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू) बंद करून. चांगलं मेम्ब्रेन ९० टक्के क्षार अडवतं. ८० च्या खाली आलं की त्याचे दिवस भरले.

सॉफ्टनर घ्यायचाच असेल तर

आकार गणिताने ठरवा. रोज ५०० लिटर पाणी, ४०० मिलिग्रॅम हार्डनेस, म्हणजे रोज २०० ग्रॅम. सॉफ्टनरमधलं एक लिटर रेझिन (क्षार पकडणारे बारीक मणी) साधारण ५० ग्रॅम पकडतं. २५ लिटर रेझिनचा सॉफ्टनर १२५० ग्रॅमवर भरतो, म्हणजे दर सहा दिवसांनी मिठाने धुवावा लागतो. प्रत्येक वेळी तीन किलो मीठ आणि तीस लिटर पाण्याचं द्रावण. आधी दहा मिनिटं उलट धार, मग मिठाचं पाणी अर्धा तास सावकाश, शेवटी स्वच्छ पाणी, बाहेर येणारं खारट लागेनासं होईपर्यंत. घाईने मिठाचं पाणी सोडलं तर मीठ वाया जातं आणि रेझिन अर्धवटच धुतलं जातं. खडं मीठ घ्या, टेबलावरच्या मिठातली गुठळी न होण्याची पावडर रेझिनमध्ये अडकते. बोरिंगला लोहाचा लालसर रंग असेल तर सॉफ्टनरच्या आधी लोह काढणारा फिल्टर लागतो, नाहीतर रेझिन तपकिरी होऊन निकामी ठरतं.

सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो: ४०० मिलिग्रॅम हार्डनेसला लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम. म्हणून स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधीच फोडा, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेलं कोणी घरात असेल तर नक्कीच. बागेलाही ते पाणी नको, सोडियमने काळी माती घट्ट होते. मिठाचं सांडपाणी ड्रेनेजमध्येच जाऊ द्या, पावसाचं पाणी मुरवायच्या खड्ड्यात नाही. मऊ पाण्यात गिझरचा ॲनोड जास्त वेगाने झिजतो, तो दरवर्षी बघा.

एकट्या गिझरसाठी किंवा मशीनसाठी पॉलिफॉस्फेटची कुपी इनलेटवर बसवता येते. ती पाणी मऊ करत नाही, थर चिकटू देत नाही, आणि तेही थर्मोस्टॅट ६० च्या खाली ठेवला तरच. पाइपवर चिकटवायच्या चुंबकपट्ट्यांवर मात्र पैसे घालू नका. त्यांच्या कामाचा भरवशाचा पुरावा नाही आणि त्या किमतीत दोन कॉइल येतात.